शंभर मिलीच्या बाटल्या

मला रिकाम्या बाटल्या हव्या होत्या. लहान, घट्ट झाकणाच्या, शंभर मिलीच्या आतल्या. त्या मिळवण्यात माझा अख्खा आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मी जितक्या लोकांवर चिडले तितक्यांवर माझ्या लग्नाच्या वर्षातसुद्धा चिडले नव्हते.

यवतमाळात घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर होतं. कापसाची ती वाईट वर्षं. आमच्याकडे लग्नाचा हंगाम कापूस विकल्यावर ठरतो, आणि त्या वर्षांत कापूस बाजारात गाडीतच पडून राहायचा, लग्नं पुढे ढकलली जायची आणि माझ्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. गावात बाहेरची माणसं मात्र खूप. नेते येत, टीव्हीवाले येत. दिल्लीची एक वार्ताहर बाई माझ्याकडे भुवया करायला आली होती. खुर्चीत मान मागे टाकून ती मला शेतकऱ्यांबद्दल विचारत होती. तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी येत होतं, पण ते दोऱ्यामुळे.

अशा दिवसांत मला बंगलोरच्या लग्नाचं बोलावणं आलं. मुलगी यवतमाळची. तिची आई ती लहान असतानाच गेली. वडील कचेरीत नोकरीला. तिची आत्या बोरी अरबला दिलेली. ती दर आठवड्याला एसटीनं येऊन पोरीचं न्हाणंमाखणं करायची, वेण्या घालायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. गल्लीतले सगळे तिला आत्याबाईच म्हणत, मीही तेच म्हणे. पोरगी नववीत असताना तिच्या डाव्या कानाखाली कोडाचा पांढरा डाग उठला आणि हळूहळू जबड्याच्या कडेनं खाली उतरला. तेव्हा आत्याबाई तिला माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, दवाखाना चालूच हाय. तुमी फक्त लोकाइले दिसू नाही असं काही करा."

मी तीन वेगवेगळ्या फाउंडेशनच्या बाटल्यांतून थोडं थोडं घेऊन तिच्या कातडीचा रंग जुळवला. एका दिवसात नाही जुळला. उन्हात एक दिसायचा, ट्यूबलाइटखाली दुसराच. पण जुळला. तेव्हापासून गॅदरिंग असो, कॉलेजचा फोटो असो, ती यायची आणि मी ते मिश्रण लावून द्यायची. पुढे ती इंजिनीअर होऊन बंगलोरला गेली. तिथंच तिचं जमलं. लग्न मुलाकडच्यांनी तिथं करायचं ठरवलं आणि ती म्हणाली, मेकअप माझ्या यवतमाळच्या काकूच करतील.

बाकीचं वऱ्हाड रेल्वेनं पुढे गेलं. मला निघायच्या आदल्या दिवशीची एक नवरी सजवायची होती, त्या हंगामातली जवळजवळ एकुलती एक, ती सोडवेना. आत्याबाईंचे गुडघे धड नव्हते. म्हणून पोरीनं आम्हा दोघींना विमानाची तिकिटं पाठवली. नागपूर ते बंगलोर. मी विमानात कधी बसले नव्हते, आत्याबाईंनी तर ते जवळून पाहिलंही नव्हतं.

आता कोणीही म्हणेल, यात चिडण्यासारखं काय आहे? मेकअपचं सामान मोठ्या बॅगेत टाकायचं, बॅग काउंटरवर द्यायची, मोकळ्या हातानं जायचं. मीही तेच म्हणत होते. पण दोघींच्या वाट्याच्या मोठ्या बॅगा आत्याबाईंच्या ताब्यात होत्या आणि त्यांत रुखवत होतं. भांडीकुंडी पोरीच्या वडिलांनी रेल्वेनं नेली होती, पण नाजूक रुखवत आत्याबाई कोणाच्या हाती देईनात. ते सगळं कापसाचं होतं. घरच्या कापसाचं. हंस, तुळशीवृंदावन, पाळणा, जातं, झोपडी आणि झोपडीपुढची बैलजोडीसुद्धा. मी पाहायला गेले तेव्हा बाई पुढ्यात सरकी काढलेल्या कापसाचा ढीग घेऊन बसल्या होत्या.

"यंदा कापसाले कोनी विचारून नाही राह्यलं," त्या म्हणाल्या, "मंग म्या म्हटलं, आपनच काही करावं त्याचं."

"फार सुंदर झालंय," मी म्हटलं. खरंच झालं होतं. "पण माझी व्हॅनिटी या बॅगेत एका कोपऱ्यात ठेवू द्या."

"काय असते त्याच्यात?"

"क्लिन्झर, फाउंडेशन, गुलाबपाणी, नेलपेंट..."

"पातळ हाय?"

"पातळच असतं आत्याबाई."

"मंग नाही. एक थेंब सांडला त माह्या हंसाचा गोळा होईन. तुमी हातात घ्या."

हातात घ्या! त्या काळी हातातल्या बॅगेतल्या पातळ वस्तूंचा नियम नवा होता आणि तो नेमका काय आहे हे यवतमाळात कोणालाही माहीत नव्हतं. पण सांगत मात्र सगळे होते. तिकिटं काढून देणारा एजंट म्हणाला, पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाहीत. समोरच्या वकीलबाई एकदा दिल्लीला जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, काही विचारत नाहीत, मी तर लोणचं नेलं होतं. शेवटी नवऱ्यानं नागपुरातल्या एका ओळखीच्या माणसाला फोन केला आणि नियम आणला: प्रत्येक बाटली शंभर मिलीपर्यंत, आणि सगळ्या बाटल्या एका पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत.

नवरा कृषी खात्यात. नियम हातात आला की त्याच्या अंगात येतं. रात्रीच्या जेवणानंतर त्यानं माझी व्हॅनिटी उघडली आणि एकेक वस्तू काढून विचारू लागला.

"लिपस्टिक पातळ की घट्ट?"

"घट्ट."

"आता हात लावून पाह्य."

मे महिना. पंख्याखालीसुद्धा लिपस्टिक लोण्यासारखी झाली होती.

"ही पातळ आहे," तो म्हणाला. "काजळ?"

"काजळ डबीत आहे."

"डबीत असलं म्हणून घट्ट होते का? खोबऱ्याचं तेल थंडीत घट्ट असते, उन्हाळ्यात पातळ. मंग ते काय धरायचं? नियमात महिना दिला नाही."

मी म्हटलं, तुम्ही झोपा. तो झोपला नाही. फेसपॅक भिजवण्याआधी पावडर असतो आणि नंतर पातळ होतो, मग भिजवायचं पाणी धरायचं की नाही, यावर तो बराच वेळ बोलत राहिला. दिवसभर त्याला कार्यालयात बाहेरून आलेल्या साहेबांपुढे उभं राहून आकडे सांगावे लागत होते. घरी आल्यावर त्याला अशा गोष्टीवर बोलायला बरं वाटत असणार हे मला आज कळतं. त्या रात्री फक्त इतकंच वाटत होतं की हा उठावा आणि दुसऱ्या खोलीत जावा.

तर बाटल्या. माझ्याकडचं सगळं सामान पार्लरचं, म्हणजे मोठ्या मापाचं. ते लहान बाटल्यांत काढायला हवं होतं, आणि लहान रिकाम्या बाटल्या गावात कुठंच विकत मिळत नव्हत्या. मी स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात गेले, प्लास्टिकच्या दुकानात गेले, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कोणी बाटल्या बनवतं असं ऐकून ऑटो करून तिथंही गेले. तिथं बाटल्या होत्या, पण पोत्यानं घ्याव्या लागत. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी काचेच्या चिमुकल्या कुप्या दिल्या. त्यात फाउंडेशन भरायला गेले तर उतरेना, उतरलं तर निघेना.

मी ज्यांच्याकडून बांगड्या आणि नेलपेंट घ्यायची ते कटलरीवाले चाचा तेवढे कामाला आले. दुकानाच्या माळ्यावर चढून त्यांनी अत्तराच्या रिकाम्या शिश्या खाली काढल्या.

"ले जाओ बेटी. लेकिन धोना मत, धोने से नहीं जाती खुशबू. दुल्हन हिना की तरह महकेगी, और क्या?"

"चाचा, क्लिन्झरला हिन्याचा वास आला तर लोक काय म्हणतील?"

"लोग कहेंगे, क्लिन्झर अच्छा है."

त्यांतल्या दोन घेतल्या. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या प्लास्टिकच्या कुप्या शेजारपाजारून जमा केल्या, उकळत्या पाण्यातून काढल्या आणि त्यांत पोरीसाठी जुळवलेलं मिश्रण भरलं. थेंब थेंब निघायला त्या बऱ्या होत्या. तरी टोनर, हेअर स्प्रे, रिमूव्हर हे सगळं उरलंच होतं.

त्या दुपारी माझा दीर आला. त्याचं कृषी केंद्राचं दुकान. आत्याबाईही त्याच वेळी आल्या होत्या, साडीच्या निऱ्या कशा करायच्या ते विचारायला. दिरानं पिशवीतून चकचकीत बाटल्या काढून टेबलावर मांडल्या.

"घ्या वहिनी. शंभर एमएलच पाहिजेत ना? मोजून शंभर."

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. बाटलीवर हिरवं पान, कापसाचं फुटलेलं बोंड, आणि खाली चौकोनी खुणेत लाल रंग आणि कवटी.

"या कोऱ्या हायेत," तो म्हणाला. "कंपनीवाले शोकेसमध्ये मांडायला रिकाम्याच देतात. आत कधी काही गेलंच नाही."

मला भयंकर राग आला. तो वाईट माणूस नाही. त्याच्या दुकानात त्या मापाची तीच एक बाटली होती, म्हणून त्यानं ती आणली. पण त्या वर्षी, आमच्या जिल्ह्यात, तसली बाटली नवरीच्या तोंडाजवळ न्यायची? आमच्या मागच्या गल्लीत कामाला येणाऱ्या बाईच्या घरी तसल्याच बाटलीनं काय झालं होतं ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी बाटल्या परत पिशवीत कोंबल्या आणि म्हटलं, "भाऊजी, हे उचला आधी."

"अवो पन कोऱ्या..."

"उचला म्हटलं ना!"

तो उठून गेला. त्याच्या पाठोपाठ आत्याबाईही निघाल्या. टोनर आणि रिमूव्हर मी शेवटी खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत भरलं.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही जीपनं नागपूरला गेलो. विमानतळावर मोठ्या बॅगा काउंटरवर दिल्या तेव्हा आत्याबाईंनी पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बॅगेकडे आपलं वासरू दुसऱ्याच्या दावणीला बांधल्यासारखं पाहिलं. "हळू ठेवा जी, कापूस हाय," त्या काउंटरवरच्या पोराला म्हणाल्या. त्याला वाटलं, गाठोडं व्यापाराचं आहे.

मग सुरक्षेची रांग. माझी पारदर्शक पिशवी मी हातात धरली होती. तिचं तोंड मिटत नव्हतं, पण मी अंगठ्यानं दाबून धरलं होतं. माझी बॅग मशीनमधून गेली. मागून आत्याबाईंची रेक्झिनची पिशवी गेली आणि मशीन थांबलं.

वर्दीतल्या बाईनं पिशवी बाजूला घेतली. ती उत्तरेकडची होती, वयानं लहान, पण आवाज करडा. लुगडं बाजूला केलं, डब्यातल्या दशम्या बाजूला केल्या, आणि खालून बाटली काढली. हिरवं पान, फुटलेलं बोंड. लेबल अर्धं सोललेलं. लाल खूण आणि कवटी शाबूत.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहीनात.

"ये किसका है?" वर्दीतल्या बाईनं विचारलं.

"माह्यं," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्यात तेल हाय. बाटली दवाई की हाय, पन तेल हाय."

"आत्याबाई," मी दात आवळून म्हटलं, "ही कुठून आणली?"

"तुमच्या दिरानं देली. दारातच. कोरी होती बाई, फेकायची कायले? तुमीच म्हटलं शंभरची पाह्यजे. माह्या घरी दुसरी कोनती बाटली असते? घासलेटची असते नाही त हे असते."

वर्दीतल्या बाईनं विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, यवतमाळ.

तिचा चेहरा बदलला. करडेपणा गेला, आणि जे आलं ते मला त्याहून वाईट वाटलं. यवतमाळ टीव्हीवर रोज दिसायचं. तिनं बाटली मागे लपवल्यासारखी धरली, दुसऱ्या जवानाला खूण केली आणि आत्याबाईंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. त्यांच्यापुढे वाकून अगदी हळू म्हणाली, "माताजी, घर में सब ठीक है ना? कोई परेशानी? खेती की?"

आत्याबाईंना आधी कळेचना. त्या माझ्याकडे वळल्या. "काय म्हन्ते हे?"

मी काय सांगणार?  मागे रांग खोळंबली होती, एक माणूस घड्याळ पाहत होता, आणि माझ्या अंगठ्याखालून पिशवी उघडून हिन्याचा वास सगळीकडे पसरत होता.

"त्यांना वाटतंय," मी म्हटलं, "की तुम्ही ते प्यायला घेतलंय."

आत्याबाई उभ्या राहिल्या. गुडघ्यांचं त्यांना काही आठवलं नाही.

"मी? मले काय झालं? मी लग्नाले चालली! माह्या पोरीचं लगन हाय, शादी हाय शादी! तिच्या न्हान्यासाठी तेल हाय. तिळाचं. माका टाकला, मेथी टाकली, ब्राह्मी टाकली. ती ल्हान होती तवापासून हेच तेल लावते मी तिले. काहून पिऊ मी?"

"लेकिन माताजी, ये बोतल नहीं जाएगी," ती बाई म्हणाली. आता एक वरिष्ठही आला होता. त्यानं बाटलीचा वास घेतला, लेबल पाहिलं, पुन्हा वास घेतला. म्हणाला, तेलच वाटतं, पण या बाटलीत असलेलं काहीही आत जाणार नाही. इथंच टाकावं लागेल. आणि त्यानं पिंपाकडे बोट दाखवलं.

"टाकू?" आत्याबाई म्हणाल्या. "कायले टाकू?"

त्यांनी त्याच्या हातातून बाटली घेतली. कोणी काही म्हणायच्या आत झाकण काढलं, अंबाडा सोडला आणि ते सगळं तेल आपल्या डोक्यावर ओतलं. तिथंच, रांगेसमोर. मग दोन्ही हातांनी चोळत चोळत मुळापर्यंत जिरवलं, उरलेलं कानशिलांना, कोपरांना, गुडघ्यांना लावलं, आणि रिकामी बाटली पिंपात टाकली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता नेऊ देता का नाही? का डोकंही पिशवीत टाकू?"

वर्दीतली बाई हसली. तिला हसू आवरता येईना, आणि डोळे पुसून ती पुन्हा गंभीर झाली. पण एवढं सगळं झाल्यावर तिला माझीही पिशवी नीट पाहावीच लागली. अत्तराच्या शिशीत क्लिन्झर, डोळ्यांच्या औषधाच्या कुप्यांत मातीच्या रंगाचं काहीतरी, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत टोनर. एकावरही खरं नाव नाही. हेअर स्प्रेचा डबा तर मापापेक्षा मोठा होता. तो चालेल असं मला उगाच वाटलं होतं.

"पिशवीचं तोंड मिटलं पाहिजे," ती म्हणाली. "जे मावेल ते न्या. लवकर करा, तुमचं विमान लागलंय."

त्या स्टीलच्या टेबलावर मी आठवडाभर भरलेलं सगळं काढून मांडलं आणि निवडू लागले.  स्प्रे गेला. रिमूव्हर गेला. टोनर, गुलाबपाणी, चाचांची हिन्याची शिशी, सगळं पिंपात. पोरीच्या मिश्रणाच्या कुप्यांवर ती अडली. हे काय आहे? मी एक थेंब मनगटावर चोळून दाखवला. तिनं आपलं मनगट पुढे केलं, मी तिलाही लावला. तिच्या रंगाला तो मुळीच जुळत नव्हता. "ठीक है," ती म्हणाली, "जाइए."

विमानात आत्याबाई खिडकीशी बसल्या. डोकं मागे टेकवू नका, सीटवरचं पांढरं कापड खराब होईल, असं मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मग ते टेकायला कायले ठेवलं? आणि टेकल्या. पुढची सगळी वाट माझ्या नाकात मेथी आणि माका. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मधेच त्यांनी डब्यातली दशमी पुढे केली. मला सकाळपासून काही खायला झालं नव्हतं, म्हणून घेतली, पण बोलले नाही.

बंगलोरला उतरल्यावर पिशवी पाहिली तर कुप्या गळाल्या होत्या. विमान वर गेल्यावर हवेचा दाब बदलून असं होतं, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. एवढे सल्ले देणारे, पण हे एक कोणाच्या तोंडून निघालं नाही. अर्धं मिश्रण पिशवीच्या आतून माखलेलं. मी ती पिशवी मुलासारखी सांभाळत मंगल कार्यालयापर्यंत नेली.

आणि खरी चीड तर पुढे आहे. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यावर, अगदी चार पावलांवर, एक दुकान होतं. तिथं हेअर स्प्रे होता, क्लिन्झर होता, टोनर होता, रिमूव्हर होता. इतकंच नाही, रिकाम्या लहान बाटल्याही होत्या. झाकणासकट, ओळीनं मांडलेल्या. मी त्या बाटल्यांपुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. दुकानदारानं कानडीत काहीतरी विचारलं. मी मान हलवली आणि स्प्रे घेऊन बाहेर पडले.

तिकडे आत्याबाईंनी बॅगा उघडल्या होत्या. हंस थोडे चेपले होते, ते त्यांनी फुंकर मारून मारून फुगवले. मुलाकडच्या बायका भोवती जमून पाहत होत्या. त्यांना वाटलं, हे बाहेरून विकत आणलं असेल. आत्याबाई त्यांना वऱ्हाडीत समजावून सांगत होत्या आणि त्या कानडीत वाहवा करत होत्या, आणि दोन्हीकडचं सगळ्यांना कळत होतं.

मी पोरीला आरशापुढे बसवलं. पिशवी कापून आतलं मिश्रण चपट्या काडीनं खरवडून एका वाटीत काढलं. डागापुरतं होतं. मी हलक्या हातानं कानाखालून सुरुवात केली.

"काकू," ती म्हणाली, "इतकं मनावर घेऊ नका. त्याला माहीत आहे."

"कोणाला?"

"नवरदेवाला. पहिल्याच वर्षी सांगितलं मी. त्याच्या आईला माहीत आहे, बहिणीला माहीत आहे. ऑफिसमध्ये तर मी काही लावतच नाही."

माझा हात थांबला. मला तो आठवडा आठवला. लोहाऱ्याचा ऑटो, होमिओपॅथीच्या कुप्या, नवऱ्याचा नियम, ते स्टीलचं टेबल.

"मग हे कशाला?" मी म्हटलं. आवाज चढलाच. "मी हे सगळं बंगलोरपर्यंत कशाला आणलं?"

"आत्यासाठी," ती म्हणाली. "तिले वाटते, कोनाले दिसलं त लगन मोडन. फेरे होऊन जाऊ द्या. एकदा फेरे झाले म्हणजे ती निवांत बसेल."

ती वऱ्हाडीत बोलली ते मला फार दिवसांनी ऐकू आलं. मी तिच्या हनुवटीला धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि लावत राहिले. चिडलेलीच होते, पण हात व्यवस्थित चालत होता. डाग गेला. ट्यूबलाइटखाली गेला, खिडकीच्या उजेडातही गेला.

आत्याबाई आत आल्या. तेलानं केस चापूनचोपून बसलेले, नवं लुगडं. त्यांनी पोरीला कानाखालून नीट न्याहाळलं, दोन्ही बाजूंनी. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील.

"बाकी ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पन थोडी अजून गोरी करता आली असती."

लग्न चांगलं झालं. येताना आत्याबाई विमानात बसायला तयार होईनात, म्हणून आम्ही रेल्वेनं आलो. पोरगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा चेहऱ्याला काही न लावता आली. सगळी गल्ली भेटायला गेली. आत्याबाईंनी तिला पाटावर बसवून डोक्याला तेल लावलं आणि डागाबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

माझ्याकडे मात्र त्यानंतर बोरी अरबकडच्या बायका येऊ लागल्या. दुपारच्या, शटर अर्धं खाली असतं त्या वेळी. कोणाच्या हातावर कोड, कोणाच्या कपाळावर भाजल्याची खूण, कोणाची लग्नाची पोरगी सोबत. आत्याबाईंनी पाठवलेल्या असत. त्यांतली पहिली बाई खुर्चीत बसली, पदर नीट केला, आणि मी रंग जुळवायला बाटल्या काढत होते तेव्हा माझ्याकडे जरा भीतीनं पाहत तिनं विचारलं, "इमानतळावर पोलिसानं पकडलं होतं ते तुमीच ना? आत्याबाईनं सोडवलं म्हन्ते तुमाले."

मी दिवा तिच्या चेहऱ्यावर वळवला.

"मान वर करा," मी म्हटलं.